हौस, हजेरी आणि घाट

मराठीत ‘हौशी’ हे विशेषण आपण जरा सैलपणे वापरतो. हौशी रंगभूमी म्हटले की तालमीला उशिरा येणारी, ऐन प्रयोगात संवाद विसरणारी, पण नाटकावर मनापासून जीव असणारी मंडळी डोळ्यांसमोर येतात. हौशी गायक, हौशी छायाचित्रकार असे म्हणताना ‘थोडे सांभाळून घ्या’ ही विनंती त्या विशेषणातच दडलेली असते. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हणसुद्धा दुधारी आहे. मोल नाही म्हणजे अमूल्य, की मोल नाही म्हणजे बाजारात कोणी विचारत नाही? बोलणाऱ्याच्या सुरावर अर्थ ठरतो.

इंग्रजीतील ‘अमॅच्युअर’ या शब्दाचा इतिहास मात्र इतका सौम्य नाही. टेम्स नदीवरील हेन्ली येथे होणाऱ्या प्रसिद्ध नौकाशर्यतीच्या चालकांनी १८७९ साली हौशी कोणाला म्हणावे याची व्याख्या केली. पैशासाठी वल्ही मारणारा तो हौशी नव्हे, एवढ्यावर ते थांबले असते तर तक्रार नव्हती. पण जो पोटापाण्यासाठी कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर आहे तोही हौशी नव्हे, अशी त्यात पुस्ती होती. त्याने वल्ह्याला पैशासाठी कधी हात लावला नसला तरीही! अंगमेहनतीने कमावलेले शरीर म्हणजे शर्यतीतला गैरफायदा, असे त्यामागचे एक समर्थन. न बोललेले कारण उघड होते: ज्याचे हात मजुरीसाठी चालतात त्याला निव्वळ आवडीसाठी काही करण्याची ऐपत आणि अभिरुची कुठून असणार? ही अट १९३७ पर्यंत टिकली.

सातपूरच्या सायकलवाल्यांविषयी लिहायचे म्हणून बसलो आणि हेन्लीला पोहोचलो, याचे कारण एवढेच की त्या व्याख्येने आमचा क्लब एका फटक्यात अर्धा रिकामा झाला असता. आमच्यात दोन टर्नर आहेत, एक वेल्डर आहे, एक टायर कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, एक परिचारिका आहेत, दोन डॉक्टर आहेत, संगणकाच्या कंपनीतली चार-पाच मुले आहेत आणि टूलरूममध्ये तीस वर्षे काढलेला मी आहे. रविवारी पहाटे पाच वाजता पपया नर्सरीच्या चौकात आम्ही जमतो. क्लबला नाव आहे, पण ते आम्हीच फारसे वापरत नाही. ‘रविवारची पोरं’ एवढेच म्हणतो. त्यातले निम्मे पन्नाशीच्या पुढचे.

सायकल ही सातपूरला नवी नाही. उलट सातपूर सायकलवरच उभे राहिले असे म्हणता येईल. औद्योगिक वसाहत वसली, मायको, महिंद्र, सिएट यांसारखे मोठे कारखाने आणि त्यांच्या पोटात शेकडो लहान युनिटे आली. त्या काळात पाळी सुटल्यावर त्र्यंबक रस्त्यावर सायकलींचा जो लोंढा लागे तो ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. काळ्या, अठ्ठावीस इंची, मागे कॅरिअर आणि कॅरिअरला डबा. पहिल्या पाळीचा भोंगा सात वाजता. भोंग्याआधी गेटाच्या आत, कार्ड यंत्रात घालून ‘खट्’ असा आवाज ऐकला की त्या दिवसापुरते आपण वाचलो. काही मिनिटांचा उशीर झाला तर कार्डावर शाई लाल उमटे, आणि लाल शाईचे हिशेब पगाराच्या दिवशी होत. म्हणून गंगापूर गाव, आनंदवल्ली, पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा अशा सगळ्या बाजूंनी माणसे सायकली हाणत येत. तो वेग हौसेचा नव्हता. तरीही त्या वेगात कौशल्य होते, हे आज कळते. वाऱ्याच्या दिवशी उंच माणसाच्या मागे चाक लावून यायचे, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होते. त्याला शास्त्रीय नाव आहे हे माहीत नव्हते.

पुढे मोपेड आल्या, मोटरसायकली आल्या, हप्ते सुलभ झाले. सायकलस्टँडची जागा पार्किंगने घेतली. सायकल चालवणारा तो, ज्याला अजून गाडी घेता आली नाही, असा समज रूढ झाला. ‘अ‍ॅटलास’ कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडल्याची बातमी आली तेव्हा आमच्या पिढीला जे वाटले ते केवळ स्मरणरंजन नव्हते. आमच्या पायांच्या पोटऱ्या त्या कंपन्यांनी घडवल्या होत्या.

आणि मग सायकल परत आली, पण दुसऱ्या दाराने. नाशिकमध्ये तिच्या येण्याला एक निश्चित निमित्त आहे. २०१५ साली येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, आळीपाळीने, रात्रंदिवस; त्यांना लागले ८ दिवस १४ तास ५५ मिनिटे. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच शर्यतीत त्यांच्यानंतर काही तासांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले. यानंतर नाशिकमध्ये सायकल चालवणे ही गरिबीची खूण राहिली नाही. डॉक्टर चालवतात म्हटल्यावर त्यात आरोग्य आले, प्रतिष्ठा आली, आणि पाठोपाठ लाखाच्या घरातल्या सायकलीही आल्या.

आमच्या क्लबात या दोन्ही सायकली आहेत, आणि मला ज्याविषयी लिहायचे आहे ते या दोन्हींच्या मधले अंतर. ते अंतर सपाटीवर दिसत नाही. घाटात दिसते.

सपाटीचे गणित असे असते. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. पुढच्याच्या चाकामागे हात-दीड हातावर आपले चाक ठेवले तर हवेचा मारा तो सोसतो आणि मागच्याची मेहनत पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही अधिक, कमी होते. म्हणून गट करतात, म्हणून पुढे राहण्याची पाळी लावतात. ठरावीक वेळाने पुढचा बाजूला होऊन शेवटी येतो आणि दुसरा वारा अंगावर घेतो. पाळी हा शब्द आम्हाला शिकवावा लागला नाही. जो पाळी चुकवतो, नुसता मागे चाक लावून येतो आणि शेवटच्या शंभर मीटरात सुसाट पुढे निघतो, त्याला काय म्हणायचे तेही कारखान्याने शिकवलेले होतेच. तो शब्द येथे छापण्यासारखा नाही.

दोन-तीन स्थानिक शर्यतींत आम्ही उतरलो. तेथे दोन गट असतात: गिअरची सायकल आणि साधी सायकल. नोंदणीच्या टेबलावरचा मुलगा चेहरा न उचलता विचारतो, ‘गिअर की साधी?’ आमचा एक टर्नर दरवेळी ठसक्यात सांगतो, ‘साधी.’ तो सातपूरच्याच एका लहान युनिटात लेथवर आहे, वय बावन्न. पहिल्या शर्यतीत तो साध्या गटात तिसरा आला. पुढच्या दोघांचे वय मिळून त्याच्याएवढे होते. बक्षीस म्हणून भिंतीवरचे घड्याळ मिळाले. ‘बघा,’ तो म्हणाला, ‘इथंबी घड्याळच.’

या टर्नरची सायकल हा आमच्या क्लबात चर्चेचा विषय आहे. मूळ सायकल त्याच्या वडिलांची. पुढच्या चक्राला चव्वेचाळीस दाते, मागच्या फ्रीव्हीलला अठरा. पायडलची एक फेरी झाली की अठ्ठावीस इंची चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे उत्तम. पण घाटात पायडलची प्रत्येक फेरी म्हणजे वीस किलोची सायकल आणि सत्तर किलोचा माणूस साडेपाच मीटर चढावर ढकलणे. गिअरच्या सायकलला घाटासाठी पुढे चौतीस आणि मागे बत्तीस दाते लावता येतात. एका फेरीला ती जेमतेम सव्वादोन मीटर सरकते. दहा किलोमीटरच्या घाटात साधी सायकल अठराशेच्या आसपास फेऱ्या मागते, गिअरची साडेचार हजार. एकूण काम बहुतांशी तेच, तुकडे लहान.

लोकांचा समज असा की महागडी सायकल हलकी असते म्हणून घाट चढते. हिशेब केला तर तसे नाही. साधी सायकल आणि स्वार मिळून नव्वद किलो, हलकी सायकल आणि तोच स्वार ऐंशी. फरक नवव्या हिश्श्याचा. खरा फरक दात्यांचा आहे. हे आमच्या टर्नरला कोणी समजावले नाही. तो म्हणाला, ‘एका पासात जाड कट घेतला तर टूल तुटतंय, भाऊ. चार पासात बारीक बारीक घ्यायचा.’ लहान मुलांच्या सायकलचे बत्तीस दात्यांचे चक्र त्याने भंगारातून आणले, मालकाला विचारून जेवणाच्या सुट्टीत लेथवर त्याचे भोक वाढवले, मागे बावीस दात्यांचे फ्रीव्हील बसवले. आता एका फेरीला सव्वातीन मीटर. सपाटीची शर्यत असली की मूळ चक्र परत लावतो. गिअर बदलायला त्याला अर्धा तास आणि दोन पाने लागतात, एवढाच काय तो फरक.

गंमत अशी की सायकलशर्यतींच्या इतिहासात गिअरला अप्रामाणिक मानणारे लोक होऊन गेले आहेत. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज हे त्यांतले सर्वांत मोठे. गिअर हे वय झालेल्यांचे साधन, तरुणाने आपल्या स्नायूंवर डोंगर जिंकावा, असे त्यांचे मत. त्या शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्रणेला मोकळीक मिळाली ती १९३७ साली. तोवर आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांच्या पायथ्याशी स्वार उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या दात्यांवर चढत. आमच्या टर्नरला हे सांगितले तेव्हा त्याला देग्रांजविषयी राग आला नाही, चाक उलटे बसवण्याच्या युक्तीविषयी मात्र त्याने चार प्रश्न विचारले.

आमचा नेहमीचा मोठा घाट म्हणजे सप्तशृंगी गड. नाशिकहून दिंडोरी, वणी करत नांदुरीला पोहोचायचे आणि तेथून साधारण दहा किलोमीटरचा चढ. नांदुरीच्या टपरीवर चहा घेईपर्यंत आम्ही एक गट असतो. पहिल्या दोन वळणांनंतर तो गट राहत नाही. चढावर वेग ताशी आठ-दहावर येतो, हवेचा प्रश्नच उरत नाही, आणि पुढच्याच्या मागे चाक लावण्याचा लाभ जवळजवळ शून्य होतो. सपाटीवर ज्यांच्या आडोशाने आलो ती माणसे समोर दिसत असतात, हाकेच्या अंतरावर असतात, पण त्यांचा काही उपयोग नसतो. प्रत्येकाचा दम ज्याचा त्याला. ज्याची त्याची लय वेगळी असल्यामुळे सोबत म्हणून कोणी हळू चालवायला गेला तर तोच आधी थकतो. समोर मार्कंड्याचा डोंगर सावकाश बाजू बदलतो, वरून एस.टी. येते, चालक हॉर्न वाजवतो तो शिव्या म्हणून की शाबासकी म्हणून हे कळत नाही. मानेवरून घाम हँडलवर पडत राहतो. मनात विचार असे राहत नाहीत, आकडे राहतात. त्या वळणापर्यंत. त्या पांढऱ्या दगडापर्यंत. आता फक्त वीस फेऱ्या.

मुंबई–पुणे सायकलशर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब देण्याची जुनी प्रथा आहे. टूर द फ्रान्समध्येही डोंगरांचा राजा १९३३ पासून वेगळा निवडतात. शर्यत कोणीही जिंको, घाटाचा हिशेब निराळा, हे दोन्हीकडच्या लोकांना समजले होते. आमच्याकडे राजा नाही, पण एक नियम आहे: वर पोहोचलेल्याने शेवटचा येईपर्यंत थांबायचे. चहा प्यायला हरकत नाही, वडा खायला नाही. वडा सगळ्यांनी मिळून. हा नियम कोणी केला आठवत नाही. संगणकवाल्या मुलांना सुरुवातीला तो जाचक वाटे; घामेजल्या अंगाने वाऱ्यात पाऊण तास बसायचे म्हणजे थंडी वाजते, हेही खरेच. पण नियम टिकला. घाटात एकमेकांसाठी करता येण्याजोगे तेवढेच असते.

तेवढेच नाही, आणखी एक गोष्ट असते. कसारा घाटात रेल्वेचा चढ सदतिसास एक असा आहे. १८६५ साली तो मार्ग खुला झाला. आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात आणि ती गाडीला इगतपुरीपर्यंत ढकलत आणतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. आमच्यातले डॉक्टर, वय छत्तीस, पायांत भरपूर ताकद, त्यांना आम्ही बँकर हेच नाव ठेवले आहे. एकदा त्याच घाटात निवृत्त गृहस्थांच्या पोटऱ्यांत गोळे आले. डॉक्टर मागे वळून खाली आले, त्यांच्या शेजारी सायकल लावली आणि पाठीच्या कण्याखाली डावा तळहात टेकवून शेवटचा दीड किलोमीटर त्यांना तसेच वर आणले. शर्यतीत असे केले तर बाद ठरवतात.

आता त्या अंतराविषयी. घाट चढून वर आल्यावर डॉक्टर आणि टर्नर एकाच कठड्यावर बसून एकच वडा खातात, म्हणून घाट सगळ्यांना समान करतो असे लिहिण्याचा मोह होतो. सायकलविषयीच्या लेखनात असे बरेच वाचायला मिळते. मला ते पटत नाही. घाट समान करत नाही; त्याआधीची रात्र प्रत्येकाची कशी गेली तेही तो बाहेर काढतो. डॉक्टर आठवड्याला चार दिवस सराव करतात, त्यांचे आहाराचे वेळापत्रक आहे. परिचारिकाबाईंना रविवारी सकाळचे दोनच तास मोकळे असतात. त्या अंजनेरीच्या फाट्यावरून परत फिरतात, गड त्यांनी वर्षातून एकदा केला तर केला. टर्नरची दुसरी पाळी असली तर तो रात्री सव्वाबाराला युनिटातून सुटतो, घरी येऊन जेवतो आणि पावणेपाचला उठतो. दिवसभर उभे राहून झालेले असते. त्याचे पाय घाटाच्या पायथ्याशी येतात तेव्हा आधीच एक पाळी करून आलेले असतात. हेन्लीच्या चालकांचा तर्क नेमका उलटा होता, हे त्याला घाट चढताना पाहिले की कळते. मजुरीने शरीर कमावले जाते त्याहून अधिक ते झिजते.

मग तो येतो का? हा प्रश्न माझा नाही, वहिनींचा आहे. एकदा सकाळी त्याला न्यायला गेलो तर त्या दारात होत्या. ‘भाऊजी, एक विचारू? आठवडाभर उभं राहून पाय सुजतात यांचे. रविवारी तरी झोपावं ना माणसानं. तो घाट चढून मिळतं काय?’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आरोग्य म्हणावे तर ज्याला विश्रांती हवी त्याला घाट चढवणे हे कसले आरोग्य? बक्षीस म्हणावे तर एक घड्याळ. प्रतिष्ठा म्हणावी तर ती लाखाच्या सायकलवाल्यांना मिळते. काळ्या सायकलवर घामाघूम झालेला बावन्न वर्षांचा माणूस दिसला तर लोक त्याला दूधवाला समजून रस्त्यात हात करतात.

उत्तर त्यानेच वाटेत दिले, आणि तेही तिरपे. म्हणाला, ‘ती स्वतः श्रावणात फेरीला जाते की.’ तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा असते. आदल्या रात्रीपासून सातपूरचा निम्मा कामगारवर्ग त्या रस्त्याला लागतो. साधारण वीस किलोमीटर, चिखलातून, पावसात, पुष्कळजण अनवाणी. जेथून निघायचे तेथेच परत यायचे. ती फेरी कोणी सांगितली म्हणून नव्हे, पगार मिळतो म्हणून नव्हे, उशीर झाला तर कापतील म्हणून नव्हे. तीत पुण्य आहे असे वहिनी म्हणतील, आणि घाटात पुण्य नाही हा फरक मोठा आहे, मी तो पुसू इच्छित नाही. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. आयुष्यभर ज्याचे कष्ट दुसऱ्याच्या उपयोगासाठी विकले गेले, त्याला आपले थोडे कष्ट कोणत्याही उपयोगाविना, आपल्या मनाने, खर्चून टाकता येतात. विश्रांती हा कामाचाच भाग आहे. उद्याच्या पाळीसाठी ती घ्यावी लागते. घाट मात्र उद्याच्या पाळीच्या हिशेबात बसत नाही. माझ्या मते हौस या शब्दाचा हाच गाभा आहे, आणि तो ज्यांना मोकळा वेळ मुबलक आहे त्यांच्यापेक्षा ज्यांना तो नाही त्यांच्याकडे अधिक लखलखीत दिसतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सातजणांनी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे केली. हा प्रकार मुळात फ्रान्समधला. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची बाराशे किलोमीटरची शर्यत १८९१ मध्ये सुरू झाली. व्यावसायिकांची शर्यत म्हणून ती १९५१ नंतर उरली नाही, पण हौशी लोकांनी ती चालू ठेवली, आणि आज दर चार वर्षांनी जगभरातले हजारो लोक ती नव्वद तासांच्या आत करू पाहतात. तिच्या पात्रतेसाठी दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या फेऱ्या असतात, त्या आता भारतभर होतात. दोनशेला साडेतेरा तास. ही शर्यत नव्हे. निकालात क्रमांक नसतात. साडेसात तासांत आलेला आणि साडेतेराव्या तासाला आलेला, दोघेही फक्त ‘पूर्ण’. वाटेत ठरावीक ठिकाणी कार्डावर शिक्का आणि वेळ. जेथे शिक्का मारायला माणूस नसेल तेथे दुकानाची पावती किंवा ए.टी.एम.ची चिठ्ठीही चालते.

कार्ड हातात पडताच टर्नर हसू लागला. ‘घ्या. हजेरी.’

सहाला निघालो. आग्रा रस्त्याने ओझर, पिंपळगाव बसवंत. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगा, अवजड ट्रकांचा वारा, ट्रक शेजारून गेला की क्षणभर सायकल आत ओढली जाते आणि पोटात गोळा येतो. चांदवडच्या पुढे राहुड घाट. मालेगावच्या बाजूने वळून परत. येताना, ऊन उतरतीला लागले असता, चांदवडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक कॉलेजवयाचा मुलगा बसलेला दिसला. आमच्यातला नव्हता. चेन तुटली होती आणि जोडायचे हत्यार त्याच्याकडे नव्हते. गट पुढे होता. टर्नर मागे होता, तो थांबला. त्याच्या पिशवीतले हत्यार त्या नाजूक चेनला लागू होईना. मग दगडावर चेन ठेवून, खिळ्याने पिन मागे सारून, एक कडी कमी करून त्याने ती जोडली. यात सव्वा तास गेला. नंतर तो मुलगा गिअरच्या सायकलवर पुढे निघून गेला. टर्नरने जा म्हटले म्हणून गेला.

मुदत साडेसातला संपत होती. मुलगा सव्वासातला आला आणि आल्या आल्या रडवेला होऊन सगळे सांगत सुटला. टर्नर आला सात बावन्नला. डायनॅमोचा दिवा लांबूनच ओळखू आला. शिक्का मारणारा स्वयंसेवक भला माणूस होता. त्याने घड्याळाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि काय करावे हे त्याला सुचेना. टर्नरने स्वतःच कार्ड पुढे केले. ‘खरी वेळ टाका, साहेब.’ स्वयंसेवकाने सात बावन्न लिहिले. असे कार्ड पुढे पाठवत नाहीत. पूर्ण केलेल्यांच्या यादीत त्याचे नाव येणार नव्हते, हे त्याला माहीत होते.

मी म्हटले, ‘बावीस मिनिटं.’

तो सायकल भिंतीला लावत म्हणाला, ‘हाफ डे तर नाही ना लागत?’ आणि मग, पाणी पिऊन झाल्यावर, जरा वेळाने: ‘तीस वर्षांत पहिल्यांदा असा उशीर झाला, भाऊ, की मला कुणाला कारण सांगावं लागलं नाही.’

ते कार्ड वहिनींनी गॅसच्या पुस्तकात ठेवले आहे. घाट चढून काय मिळते हे त्यांनी पुन्हा विचारलेले नाही. त्यांना पटले म्हणून की त्यांनी नाद सोडला म्हणून, ते मला ठाऊक नाही. पुढच्या दोनशेची तारीख लागली आहे. त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी येते. दुसऱ्या टर्नरशी पाळी बदलून मिळते का, हे तो पाहतो आहे.